एकाच पेटीतले पाच जीवाश्म: हे सगळे एकाच काळात पोहत होते का?

पानशेतकर

मेहुणा ऑफिसच्या कामाने मोरोक्कोला गेला होता. येताना भाचीसाठी काचेची एक चपटी पेटी घेऊन आला. आपल्या पोळपाटाएवढी असेल. आत काळ्या मखमलीवर पाच जीवाश्म ओळीने चिकटवलेत. मोठ्या डोळ्यांचा, पाठीवर आडवे पट्टे असलेला ट्रायलोबाइट. गोगलगायीसारखा गुंडाळलेला, पॉलिश केलेला तपकिरी अमोनाइट. काळ्या दगडात गाजरासारखा निमुळता, पांढरा ऑर्थोसेरास. मग मोसासोरस या सागरी सरीसृपाचा एक दात आणि शेवटी शार्कचा एक तिकोनी दात. खाली पितळी पट्टी: ‘प्राचीन समुद्रातले जीव, ४० कोटी वर्षे’. बस्स, एवढंच.

लेक सातवीत आहे. दोन दिवस पेटी न्याहाळली आणि काल जेवताना विचारते, “बाबा, हे पाचही एकमेकांना ओळखत असतील का?” मी सवयीने म्हणून गेलो, हो, एकाच समुद्रातले ना! तर म्हणे, “पणजोबा आणि मी पण एकाच घरातले. ते कुठे मला ओळखतात?” वरणभात गार झाला, पण मला उत्तर सुचलं नाही.

नेटवर शोधलं तर ‘मेगॅलोडॉन विरुद्ध मोसासोरस, कोण जिंकेल’ असले व्हिडिओच समोर येतात. जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

गुळपोळी

लेक हुशार आहे! वाचतेय.

शंकासुर

पट्टीवर ४० कोटी लिहिलंय ना? मग सगळे ४० कोटींचे. विषय संपला. (बाकी ही वर्षं मोजायला तिथे कोण बसलं होतं, हा माझा जुना प्रश्न आहेच.)

खडकफोड्या

पट्टीवरचा आकडा फार तर तिघांना लागू पडेल, तोही ढोबळ. उरलेल्या दोघांना फुकट म्हातारं केलंय.

ट्रायलोबाइटपासून सुरुवात करू. मोठे डोळे आणि पट्टे म्हणताय, तर तो फॅकोप्स किंवा त्याच्या भाऊबंदांपैकी असणार. दक्षिण मोरोक्कोत अलनिफ, एरफूद, रिसानी या भागात गावंच्या गावं हे दगड फोडून, सुईने कोरून विकतात. खडक डेव्होनियन काळातले, म्हणजे ४१.९ ते ३५.९ कोटी वर्षांपूर्वीचे. तुमचा नग बहुधा ३९ कोटींच्या आसपासचा. काळ्या दगडातला ‘ऑर्थोसेरास’ त्याच भागातला. ते बाजारातलं नाव आहे हां. खरा ऑर्थोसेरास बाल्टिक समुद्राकडचा आणि त्याहून जुना, ऑर्डोव्हिशियन काळातला. मोरोक्कोतले ते त्याचे सरळ शिंपल्याचे चुलते, पण दुकानदाराने ते का सांगावं?

अमोनाइटबद्दल मात्र तुम्हालाच एक काम करावं लागेल. पॉलिश केलेल्या अंगावर आतल्या कप्प्यांच्या पडद्यांच्या रेघा दिसतात. त्या साध्या नागमोडी आहेत, की कोथिंबिरीच्या पानाच्या कडेसारख्या झालरदार? नागमोडी असतील तर तो गोनियाटाइट, म्हणजे डेव्होनियन काळातला असू शकतो. झालरदार असतील तर खरा अमोनाइट, आणि मग तो ट्रायलोबाइटच्या जवळपासही कधी फिरकलेला नाही.

राहिले दोन दात. ते दक्षिणेतले नाहीतच. खूरिब्गाकडे फॉस्फेटच्या प्रचंड खाणी आहेत, तिथे असे दात पोत्याने निघतात. मोसासोरचा दात साधारण ७ कोटी वर्षांचा. म्हणजे पेटीत ट्रायलोबाइट आणि त्याच्यामध्ये चार बोटांचं अंतर आणि बत्तीस कोटी वर्षं.

पानशेतकर

भिंग घेऊन बघितलं. रेघा नागमोडी, चांगल्या ठसठशीत, वीज पडताना चित्रात काढतात तशा. म्हणजे गोनियाटाइट? म्हणजे पहिले तिघे ओळखीचे म्हणायचे?

आणि दोन्ही दात एकाच खाणीतले असतील तर ते दोघे तरी शेजारी ना?

खडकफोड्या

पहिले तिघे एकाच काळातल्या, एकाच भागातल्या समुद्रातले म्हणायला हरकत नाही. ‘ओळखीचे’ म्हणण्याआधी जरा थांबू, त्यावर नंतर येतो.

दातांचं मात्र उलट आहे. खाण एक, पण काळ वेगळा. त्या फॉस्फेटचे थर साधारण ७ कोटींपासून ४.८ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत साठत गेले. खाणीतली माणसं थरांना वरून खाली क्रमांक देतात. तिसरा थर क्रिटेशियसच्या अखेरचा, मोसासोर त्यात. त्याच्या वर दुसरा आणि पहिला, ते डायनोसोर संपल्यानंतरचे. शार्कचा दात मोठा आणि तिकोनी असेल, मुळाशी दोन्ही बाजूंना छोटे उपदात असतील, कड गुळगुळीत असेल, तर तो ओटोडस. तो वरच्या थरांतला. मोसासोर ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले आणि त्यानंतर हे महाशय मोठे झाले. खाणीच्या एकाच भिंतीत दोघांमध्ये काही मीटर खडक असतो, आणि त्या काही मीटरांत एक अख्खी महाविलुप्ती.

गुळपोळी

म्हणजे चाळीतले दोन भाडेकरू. खोली तीच, पण एक गेल्यावर दुसरा आला.

खडकफोड्या

@गुळपोळी, अगदी! हे मी आता वर्गात वापरणार.

शंकासुर

माझी शंका राहिलीच. खडकाचं वय जीवाश्मावरून ठरवायचं आणि जीवाश्माचं खडकावरून. म्हणजे मी तुम्हाला ओळखतो कारण तुम्ही मला ओळखता. आणि कार्बन डेटिंग म्हणाल तर तेही म्हणे चुकतं.

खडकफोड्या

शंका रास्त आहे, पण तिचं उत्तर दोनशे वर्षं जुनं आहे. कार्बन बाजूला ठेवा. तो पन्नास हजार वर्षांपलीकडे चालतच नाही, इथे कोटींच्या गप्पा आहेत.

विल्यम स्मिथ नावाचा इंग्रज मोजणीदार. कालवे खणायच्या कामावर होता. त्याच्या लक्षात आलं की दर थरात ठरावीक शिंपले असतात आणि त्यांचा क्रम गावोगाव तोच राहतो. त्यावरून त्याने १८१५ मध्ये इंग्लंड-वेल्सचा नकाशा छापला. तेव्हा कुणालाही कुठल्याच थराचं वय माहीत नव्हतं. फक्त खाली कोण, वर कोण, एवढं. क्रम आधी आला, आकडे शंभर वर्षांनी.

आकडे येतात ते ज्वालामुखीच्या राखेतून. थरांमध्ये राखेचा पातळ पट्टा सापडला की त्यातले झिरकॉन या खनिजाचे कण निवडायचे आणि युरेनियमचं शिसं किती झालं ते मोजायचं. चीनमध्ये मेइशान इथे पर्मियनच्या शेवटाजवळ असे राखेचे थर आहेत. त्यावरून तो शेवट २५.१९ कोटी वर्षांवर बसला. शेवटचे ट्रायलोबाइट त्याच सुमारास संपले. लांब कशाला, आपल्या दख्खनच्या लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेल्या झिरकॉनवरूनही वयं काढलीत, ती ६.६ कोटींच्या आसपास येतात. शिंपल्याला न विचारता काढलेली वयं आहेत ही.

ओवी_क

मध्येच विचारते. आमच्या देव्हाऱ्यात सासूबाईंच्या माहेरचा शाळिग्राम आहे, मुक्तिनाथहून आणलेला. तोही अमोनाइटच असतो असं ऐकलंय. मग तो आणि पानशेतकरांचा गोनियाटाइट भाऊ-भाऊ का?

खडकफोड्या

भाऊ नाही, खापरपणजोबा आणि खापरपणतू म्हणा. काली गंडकीतले शाळिग्राम ज्या काळ्या खडकातून सुटून येतात तो जुरासिकच्या अखेरीपासून क्रिटेशियसच्या सुरुवातीपर्यंतचा, साधारण १४-१५ कोटी वर्षांचा. ब्लॅनफोर्डिसेरास नावाचा अमोनाइट त्यात भरपूर. टेथिस समुद्राच्या तळाचा चिखल होता तो, हिमालय उभा राहताना वर उचलला गेला. दोघांत २४ कोटी वर्षांचं अंतर आहे.

सगळा घोळ नावांमुळे होतो. ‘अमोनाइट’ हे आपण घराण्याचं नाव म्हणून वापरतो. ते घराणं डेव्होनियनमध्ये सुरू झालं आणि ६.६ कोटींना बुडालं. ट्रायलोबाइटचं घराणं ५२ कोटींपासून २५ कोटींपर्यंत. त्यामुळे ‘ट्रायलोबाइट आणि अमोनाइट एकत्र होते का’ याचं उत्तर घराण्यापुरतं ‘हो, पंधरा कोटी वर्षं’ असं येतं. पण एकेक जात बघायला गेलात तर अमोनाइटच्या कित्येक जाती काही लाख वर्षांत येऊन जातात. म्हणून तर घड्याळ म्हणून त्यांचा उपयोग होतो. आणि पानशेतकरांच्या ट्रायलोबाइटचं अख्खं गोत्र डेव्होनियनच्या शेवटाला नाहीसं झालं, त्यापुढे ट्रायलोबाइटांची एकच शाखा तग धरून राहिली. शाळिग्रामवाल्यांनी त्यांची नावंही ऐकली नसतील!

कच्छच्या आणि हिमालयातल्या स्पितीच्या खडकांत मात्र व्हिरगॅटोस्फिंक्टिससारख्या काही सारख्या प्रजाती सापडतात. तेव्हा तुमच्या शाळिग्रामाचे समकालीन शोधायचेच असतील तर मोरोक्कोपेक्षा भुजकडे बघा.

मालवणी_तिसऱ्या

ही सगळी दगडाची गोष्ट झाली. मी वाळूची सांगतो. आमच्या घरामागे विहिरीसाठी खणलं तेव्हा कमरेएवढ्या खोलीवर तिसऱ्यांच्या कवचांचा हातभर जाड थर लागला. समुद्र आता तिथून बराच लांब आहे. उद्या तोच थर दगड झाला तर कुणीतरी म्हणेल, या सगळ्या तिसऱ्या एका दिवशी एकत्र जगल्या. ओहोटीला किनाऱ्यावर चालून बघा. एकाच ओळीत काल मेलेला शिंपला असतो आणि शेजारी झिजून पांढराफटक झालेला, तो कधीचा कोण जाणे. एका ओळीत पडले म्हणून एका काळातले होत नाहीत.

खडकफोड्या

मालवणी राव, माझ्या पुढच्या प्रतिसादाची हवाच काढून घेतलीत. ‘ओळखीचे’ शब्दावर थांबलो होतो ते याचसाठी. आजच्या समुद्रतळावरच्या कवचांचं वय काढतात तेव्हा एका ओंजळीत हजारो वर्षांचा फरक निघतो.

एम.एस्सी.ला आम्ही कच्छच्या दौऱ्यावर गेलो होतो. डिसेंबर असूनही दुपारी डोकं तापत होतं. भुजच्या दक्षिणेला ढोसा ऊलाइटचा थर उघडा पडलाय. तांबूस दगड, त्यात मोहरीसारखे लोहाचे गोल दाणे, आणि वर ताटाएवढे अमोनाइट पालथे पडलेले. मी एका फरशीवर उकिडवा बसून मोजायला लागलो. एकाच फरशीत सात. मोठ्या उत्साहाने सरांना सांगितलं, सर, हा बघा एक अख्खा कळप! सरांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली, सावकाश प्यायले, आणि म्हणाले, “याची झीज बघ. आता याची बघ. हा पुरला गेला, उघडा पडला, घासला गेला, परत पुरला गेला. तो तिकडचा आला तेव्हा हा आधीच दगड झाला होता.”

त्या थराचा माथा फार हळू साठलेला आहे. गाळ जवळजवळ येतच नव्हता, आलेला वाहून जात होता. त्यामुळे १६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचे, पण वेगवेगळ्या वेळचे अमोनाइट एका वीतभर दगडात दाटीवाटीने बसलेत. दगड एक, फरशी एक, तरी समकालीन नाहीत. कळपाची नोंद मी वहीतून खोडली. सरांनी ती खोडलेली जागाही बघितली, असो.

क्लीव्हलंडची_काकू

इथे संग्रहालयात डंकलिओस्टियस या माशाचं चिलखती डोकं आहे. साडेतीन फुटाचं नातवंड त्याच्यापुढे उभं केलं की फोटो छान येतो, म्हणून पाहुणे आले की आमची एक फेरी ठरलेली. पाटीवर डेव्होनियनची अखेर, सुमारे ३६ कोटी वर्षं असं आहे. ते डोकं आणि क्लॅडोसेलाकी नावाचा आद्य शार्क, दोघेही इथल्याच क्लीव्हलंड शेल नावाच्या खडकातले, आणि त्या शार्कच्या पोटात गिळलेले मासेही सापडलेत. असा पुरावा असला तर मग वाद नको ना? (अवांतर: २०२३ मध्ये इथल्याच एका संशोधकाने डंकलिओस्टियसची लांबी पार साडेतीन मीटरच्या आसपास आणली. माझ्या नवऱ्याला अजून ते पचलेलं नाही.)

खडकफोड्या

काकू, बरोबर बोललात. सगळ्यात पक्का साक्षीदार पोट. चीनमध्ये शिंगयी इथे सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीच्या एका इक्थियोसोरच्या पोटात थॅलॅटोसोर नावाच्या दुसऱ्या सागरी सरीसृपाचं धड सापडलं, २०२० मध्ये जाहीर झालं. शिकारही लहानसहान नव्हती, जवळपास चार मीटरची. ते दोघे त्या दिवशी एकमेकांना ओळखत होते, हे कुठल्याही न्यायालयात टिकेल.

दुसरा पुरावा म्हणजे चाव्याच्या खुणा. पण तिथे जपून. १९६० मध्ये कॉफमन आणि केसलिंग यांनी साउथ डकोटातल्या एका प्लॅसेंटिसेरास अमोनाइटवरची गोल भोकं दाखवून म्हटलं, मोसासोरने चावलंय हे, तेही पुन्हा पुन्हा. चित्रकारांची चंगळ झाली. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी तसल्या भोकांवर नवा दावा केला: शिंपल्यावर घर करून बसणाऱ्या लिंपेट गोगलगायींनी केलेले खड्डे आहेत हे, नंतर दबावाने खचले. पुढे पुन्हा काहींनी मोसासोरची बाजू घेतली. माझं मत विचाराल तर काही भोकं दाताची, बरीचशी गोगलगायींची. पण बघा, गंमत अशी की कुणीही जिंकलं तरी मोसासोर आणि प्लॅसेंटिसेरास एकाच काळातले हे पक्कंच राहतं, कारण दोघेही त्याच थरांत जागोजाग सापडतात. भांडण फक्त कोणी कोणाला खाल्लं याचं.

आपल्याकडचं उदाहरण २०१७ चं. भुजजवळच्या लोडाईत जवळजवळ पूर्ण इक्थियोसोर सापडला, सुमारे साडेपाच मीटरचा, १५ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचा. दिल्ली विद्यापीठाच्या गुंटुपल्ली प्रसाद यांच्या चमूने त्यावर लिहिलं. त्याचे दात झिजलेले होते, म्हणजे कडक कवचाचं खाणं. थरही अमोनाइट आणि बेलेम्नाइट (माकुळासारखे प्राणी) यांचा. म्हणजे कोण ताटात आणि कोण ताटावर, तुम्हीच ठरवा.

शंकासुर

मान्य, मान्य. शेवटचा बाण. सीलाकँथ मासा. डायनोसोरबरोबर गेला म्हणत होते, आणि १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत कोळ्याच्या जाळ्यात जिवंत आला. सहा-साडेसहा कोटी वर्षं जीवाश्म नाही, मासा मात्र मजेत. मग ‘मोसासोर ६.६ कोटींना संपला’ हे इतक्या ठामपणे कसं म्हणता? मेगॅलोडॉनची नि त्याची गाठ पडलीही असेल.

खडकफोड्या

हा बाण चांगला आहे. शेवटचा सापडलेला जीवाश्म म्हणजे शेवटचा जीव नव्हे, यावर सिन्यॉर आणि लिप्स यांनी १९८२ मध्ये रीतसर लिहिलंय. दुर्मीळ प्राणी खडकात नेहमीच लवकर संपल्यासारखा दिसतो.

पण ‘सापडत नाही’ याचं वजन सगळीकडे सारखं नसतं. सीलाकँथ आज खोल पाण्यात, कड्याकपारीत राहतो, तिथला गाळ आपल्या हाती क्वचितच येतो. मोसासोर उथळ समुद्रात जगभर होते, तोंडात दातांची रांग, दात आयुष्यभर पडत आणि नवे येत. आता खूरिब्गाच्या वरच्या थरांत या. तिथे शार्कचे दात पोत्याने निघतात, म्हणजे दात टिकायला जागा उत्तम आहे. तिथे मोसासोरचे नाहीत. डाळीच्या डब्यात तांदूळ दिसला नाही तर घरात तांदूळ नाही असं मी म्हणणार नाही. पण तांदळाच्या डब्यातच तांदूळ नसेल तर वाण्याकडे जावं लागतं.

आणि मेगॅलोडॉन हा राक्षसी शार्क तर २.३ कोटी वर्षांपूर्वीपासूनचा, ३६ लाख वर्षांपूर्वीच्या आसपास संपला. मोसासोर आणि त्याच्यात चार कोटींहून जास्त वर्षं रिकामी. त्याला जोडीदार हवाच असेल तर पेरूच्या पिस्को खडकांतला लिव्ह्यातान घ्या, सुमारे ९० लाख ते एक कोटी वर्षांपूर्वीचा दातेरी स्पर्म व्हेल. ते दोघे खरोखर एका काळातले. पण त्याचं नाव उच्चारता येत नाही म्हणून व्हिडिओवाले घेत नसावेत.

शंकासुर

वाण्याकडे निघालो. दंडवत.

ओवी_क

सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, पंधरा कोटी वर्षांचा आहे तर तुळस रोज ताजी ठेवत जा.

पानशेतकर

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो. लेकीने काल पेटीच्या काचेवर स्केचपेनने दोन उभ्या रेघा मारल्या. पहिले तिघे एका खोलीत, मोसासोर दुसऱ्या, शार्क तिसऱ्या. पितळी पट्टीवर कागद चिकटवून ‘४० कोटी’ झाकलं. मेहुणा व्हिडिओ कॉलवर होता, त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. म्हणाला, दुकानदाराने तर ‘एकाच टेकडीतले’ सांगितलं होतं.

एकच राहिलं. खडकफोड्या, तुम्ही सुईने कोरतात म्हणालात, म्हणून ट्रायलोबाइट खरा की ओतीव ते कसं कळायचं?

खडकफोड्या

डोळा बघा. फॅकोप्सच्या डोळ्यात कॅल्साइटची गोल भिंगं असतात, रांगेत लावलेली, साध्या भिंगातूनही सुटी सुटी दिसतात. रेझिनचा असेल तर डोळा गुळगुळीत किंवा लोण्यासारखा वितळलेला दिसेल आणि कुठेतरी हवेचे बारीक बुडबुडे असतील.

पानशेतकर

बघितला. म्हणजे तिने बघितला, मी टॉर्च धरला. उजव्या डोळ्यात दाणे स्पष्ट, उभ्या रांगा मोजता येतात. डावा डोळा मात्र पेढ्यासारखा गुळगुळीत, आणि त्याच्या खाली दोन बुडबुडे.

खडकफोड्या

म्हणजे प्राणी खरा, डावा डोळा मोरोक्कोच्या कारागिराचा. त्याची एक चौथी खोली करायला सांगा तिला.